पिरीला दिलेलं भांडं

बिडाचं भांडं घ्यायचं असलं की पोर्ट कार्नोतल्या बायका आधी एल्व्हा ट्रेम्बाथला विचारायच्या. त्यात आदरापेक्षा धाकच जास्त असायचा. न विचारता घेतलेलं भांडं पुढे कधी एल्व्हाच्या नजरेला पडलं, तर ती चर्चच्या चहापानात चारचौघींसमोर म्हणायची, "छान आहे गं. कुंडी म्हणून छानच आहे. जिरेनियम लाव."

तिचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर होतं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा पर्थला असायचा, वर्षातून एकदा नाताळला फोन करायचा. जवळची म्हणावीत अशी दोनच माणसं उरली होती. एक धाकटा भाऊ हेडली. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, धक्क्याजवळच्या आईच्या घरात राहायचा. बायको गेल्यापासून दर रविवारी दुपारी तो एल्व्हाकडेच जेवायचा. दुसरी म्हणजे नात जॅनीन. ती लग्न करून किनाऱ्याने वर, खाडीच्या टोकाला, पिरी गावी गेली होती. बसने दोन तासांची वाट.

१९८५ च्या नोव्हेंबरात जॅनीन आली ती भांड्यासाठीच. कडेवर पावणेदोन वर्षांची कर्स्टी, पोटात दुसरं चार महिन्यांचं.

"नॅन, मला बिडाचं भांडं हवंय," दारातूनच ती म्हणाली.

"आधी आत ये. पोरीची टोपी काढ. भांडं कुठे पळून जातंय?"

जॅनीन बसली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पिरी म्हणजे शिशाच्या कारखान्याचं गाव. तिचा नवरा कारखान्यातच कामाला. गेल्या वर्षापासून नर्सा तिथे घरोघर फिरत होत्या, लहान मुलांची बोटं टोचून रक्त तपासायला नेत होत्या. कर्स्टीच्या रक्तातलं शिसं नको तेवढं निघालं होतं. तेव्हापासून जॅनीन दिवसातून दोनदा घर ओल्या फडक्याने पुसायची. उत्तरेचा वारा सुटला की खिडक्या लावून घ्यायची. नवऱ्याचे बूटसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. बोलता बोलता तिने कर्स्टीचे हात सवयीने दोनदा पुसले.

"नर्स म्हणाली, पोरीच्या पोटात लोह भरपूर गेलं पाहिजे. लोह असलं की शिसं अंगात कमी मुरतं. मटण दे, पालेभाजी दे, आणि जमलं तर बिडात शिजव, म्हणाली."

एल्व्हाने कपाळावर हात मारला. "चाळीस वर्षं मी कानीकपाळी ओरडतेय. पण नर्सच्या टोपीखालून आल्याशिवाय कुणाला पटेल तर शपथ!"

"म्हणून तर तुझ्याकडे आले ना. मला त्यातलं काही कळत नाही."

"तुझ्या आईलाही कळत नव्हतं. त्या न चिकटणाऱ्या तव्यावर अंडी करायची ती. सोलून निघायचा तो तवा. चल, दुकानात जाऊ."

गावात हार्डवेअरचं दुकान एकच होतं, केव्ह नावाच्या माणसाचं. एल्व्हाला दारात पाहून त्याने हातातली खिळ्यांची पुडी खाली ठेवली.

"आल्या तपासनीसबाई! आज कुणाची खैर नाही?"

"तुझ्या मालावर आहे ते. बिडाची भांडी काढ बघू."

त्याच्याकडे तीन होती. पहिलं तीन पायांचं, जाळात ठेवायचं, मेंढपाळ वापरतात तसलं. एल्व्हाने हातसुद्धा लावला नाही. "हिच्याकडे गॅस आहे. गॅसवर हे उंटासारखं उभं राहील." दुसरं नारिंगी रंगाचं, आतबाहेर एनॅमल चढवलेलं. ते बघून जॅनीनचा चेहरा खुलला.

"नॅन, हे किती सुरेख आहे!"

"सुरेखच आहे. पण ही काच झाली. आतलं लोखंड जेवणाला शिवणारसुद्धा नाही. तुला पोरीच्या पोटात लोह घालायचंय की टेबलावर दागिना मांडायचाय?"

तिसरं साधं, काळं, परदेशातून आलेलं. ते मात्र तिने उचललं. खिडकीच्या उजेडात धरून आत बोट फिरवलं. आतला भाग खरबरीत, वाळूच्या कागदासारखा. मग एका कानाला धरून अधांतरी लोंबतं ठेवलं आणि केव्हच्याच हातोडीच्या लाकडी दांड्याने टोकलं. आवाज आला, पण लगेच विझला.

"ऐकलंस? एक बाजू जाड, एक पातळ. या बाजूला करपेल आणि त्या बाजूला कच्चं राहील. आणि झाकण बघ, नाचतंय."

"थोडं नाचतं," केव्ह म्हणाला. "तरुण आहे."

"तू म्हातारा झालास तरी कुठे स्थिर झालास?"

दुकानातून रिकाम्या हातांनी बाहेर पडताना जॅनीन हिरमुसली होती. एल्व्हा मात्र गप्प होती. एखादी गोष्ट मनात ठरत आली की ती अशीच गप्प व्हायची. धक्क्याच्या वळणावर ती थांबली.

"माझ्या आईचं भांडं आहे, हेडलीकडे," ती म्हणाली. "सपाट बुडाचं. त्याच्यासारखं या किनाऱ्यावर दुसरं नाही. ते तुला देते."

ते भांडं आईने लग्नात आणलेलं. आत हात फिरवला तर काचेसारखं गुळगुळीत. फक्त बुडाला, मधोमध नव्हे तर जरा कडेला, ओतकामाच्या वेळचा एक फोड राहून फुटलेला होता. घेवड्याच्या दाण्याएवढा खळगा, एका टोकाला निमुळता. लहानपणी भांडं खरवडून खायची पाळी एल्व्हाची असायची, आणि चमच्याचं टोक त्या खळग्यात अडकलं की कळायचं, संपलं, आता काही उरलं नाही. आई गेली तेव्हा भांडं एल्व्हाला मिळायचं होतं. पण आईचं घर हेडलीकडे गेलं, हेडलीची बायको जॉइस त्या भांड्यात उत्तम रांधायची, म्हणून एल्व्हाने ते चुलीवरून हलवलं नव्हतं. जॉइसला जाऊन सहा वर्षं झाली. एकटा पुरुष त्यात काय शिजवणार, टिनमधले बीन्स?

हेडली अंगणात जाळं विणत बसला होता. अडुसष्ट वर्षांचा, उन्हाने रापलेला, सुकवलेल्या माशासारखा.

"हेड, आईचं भांडं कुठाय?"

त्याने मान वर केली नाही. "का?"

"जॅनीनला हवंय. पोरीसाठी." एल्व्हाने नर्सचं, लोहाचं, शिशाचं सगळं सांगितलं. जॅनीनने कर्स्टीचं टोचलेलं बोटही दाखवलं.

हेडलीची सुई थांबली. "असेल कुठेतरी. शोधावं लागेल."

"शोध. आणि एक सांग." एल्व्हाने हा प्रश्न आजवर शंभर जणांना विचारला होता. जुनं भांडं घेताना पहिला प्रश्न तोच. त्या किनाऱ्यावर प्रत्येक पुरुष स्नॅपर मासे धरायला जायचा, गळाला लावायची शिशाची वजनं घरीच ओतायचा, आणि शिसं वितळवायला बिडाच्या भांड्यासारखं दुसरं काही नाही. एकदा शिसं वितळवलं की त्या भांड्यात अन्न शिजवायचं नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. "त्यात शिसं तर नाही ना वितळवलंस कधी?"

"आईच्या भांड्यात?" हेडली म्हणाला. "काय बोलतेस, एल्व्ह!"

"विचारावं लागतं. हो की नाही?"

"नाही."

आठवडाभराने त्याने भांडं आणून दिलं. एल्व्हा बघतच राहिली. गंजाचा ठिपका नाही, काळं कुळकुळीत, मेंढीच्या चरबीने चमकणारं. "एवढी मेहनत घेतलीस?" तिने विचारलं. "जाळात लालबुंद केलं, घासलं, पुन्हा जाळात घातलं," तो म्हणाला. "दोनदा." भावाला आपल्या नातीची एवढी काळजी, म्हणून तिचे डोळे भरून आले. त्या रविवारी तिने त्याच्या ताटात भाजलेल्या मटणाचा खरपूस टोकाचा तुकडा वाढला. तो तुकडा आजवर तिने नवऱ्यालासुद्धा दिला नव्हता.

भांडं पिरीला गेलं. जॅनीन फोनवर रोज सांगायची. आज खिमा केला, आज टोमॅटोत मेंढीच्या नळ्या शिजवल्या, कर्स्टीने बोटं चाटून खाल्लं. "टोमॅटो घाल," एल्व्हा सांगायची. "आंबटाने लोह जास्त सुटतं. आणि अन्न थोडा वेळ भांड्यातच राहू दे." ती हे सगळं अगदी खात्रीने सांगायची.

फेब्रुवारीत पुन्हा रक्त तपासलं. आकडा वाढला होता.

"उन्हाळ्याची धूळ," एल्व्हा फोनवर म्हणाली. "उत्तरेचा वारा केवढा होता यंदा." जॅनीनने पडदे काढून टाकले. गालिचा बाहेर फेकला. वाढलेलं पोट सांभाळत गुडघ्यांवर बसून फरशा घासल्या.

त्या रविवारी एल्व्हाने जेवताना हेडलीला सांगितलं. तो बटाटा कापत होता. त्याने तो आणखी बारीक केला, मग आणखी.

"पोरं माती खातात," तो म्हणाला. "लोणी दे जरा इकडे."

मार्चच्या शेवटी जॅनीन दोन दिवसांसाठी राहायला आली. येताना नळ्यांचा रस्सा करून आणला होता, भांड्यासकट, टॉवेलात गुंडाळून बसमध्ये मांडीवर धरून. "तुम्हा दोघांना बघायचं होतं ना, मला जमतं की नाही!" रविवारी दुपारी सगळे टेबलाशी बसले. जॅनीनने आधी हेडलीला वाढलं.

"पोट बरं नाही माझं," हेडली म्हणाला.

"अहो, एक घास तरी घ्या अंकल हेड! नॅनच्या हातचं खाऊन खाऊन माझं आवडणार नाही, असंच ना?"

"तसं नाही गं. काल मासा बाधला. मी आपला पाव खातो."

"कोळ्याला मासा बाधला!" एल्व्हा हसली. "उद्या मला चहा बाधेल."

सगळे हसले. हेडलीही हसला. त्याने ताट पुढे सरकवलं आणि पावाला लोणी लावलं. त्याच्या शेजारच्या उंच खुर्चीत कर्स्टी दोन्ही हातांनी रस्सा खात होती. हनुवटीपर्यंत लाल झाली होती. तिने एक बरबटलेला तुकडा हेडलीच्या तोंडापुढे धरला. हेडली उठून खिडकीशी गेला आणि म्हणाला, वारा फिरलाय.

एप्रिलमध्ये मुलगा झाला. लहानखुरा, पण ठीक. मे महिन्यात कर्स्टीचं रक्त तपासलं तर आकडा आणखी वर. आता एक सोडून दोन नर्सा जॅनीनच्या घरी आल्या, खिडक्यांचा रंग खरवडला, अंगणातली माती नेली, गाद्या झटकून पाहिल्या. काही सापडेना. फोनवर जॅनीन रडत होती. "त्यातली एक नर्स म्हणाली, मिसेस, तुम्ही खरंच रोज पुसता का? मी खोटं बोलते असं वाटतंय त्यांना, नॅन. माझ्या हातांची सालं निघालीत."

"तुझ्यात काही खोट नाही," एल्व्हा म्हणाली. "तू फक्त त्या भांड्यात रांधत राहा."

जूनमध्ये तिथला हिवाळा सुरू झाला, थंडी पडली. एका सकाळी एल्व्हा हेडलीकडे चुलीसाठी लाकडाचे बुंधे आणायला गेली. तो धक्क्यावर गेला होता. तिला त्याची शेड पाठ होती, म्हणून ती सरळ आत गेली. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याच्यापुढे एक जाड, करडी, थाळीएवढी वडी लावलेली असायची. शिशाची. भांड्यात उरलेलं शिसं तसंच निवू दिलं की अशी वडी बनते. ती तिथे वर्षानुवर्षं असेल, एल्व्हाने तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. आज बुंध्यांची पाटी बाहेर ओढताना पाटीची कड त्या वडीखाली गेली. तिने जोर लावला. वडी उलटली.

बुडाची बाजू वर आली. गुळगुळीत. आणि मधोमध नव्हे, जरा कडेला, घेवड्याच्या दाण्याएवढा एक उंचवटा. एका टोकाला निमुळता.

एल्व्हा खाली बसली. तिने हातमोजा काढला, त्या उंचवट्यावर बोटाचं पेर ठेवलं. पेर ओळखीने वळलं. मग तिने हात झटकन मागे घेतला, कपड्यांना पुसला, पुन्हा पुन्हा पुसला.

हेडली आला तेव्हा ती अंगणातल्या मासे साफ करायच्या टेबलाशी उभी होती. टेबलावर ती वडी उलटी ठेवलेली. एवढं वजन तिने कसं उचललं, तिचं तिलाच कळलं नाही. हेडलीच्या हातात व्हायटिंग माशांची बादली होती. वडी पाहून त्याने ती हळूच खाली ठेवली.

"किती वेळा?" एल्व्हाने विचारलं.

"एल्व्ह, ऐक..."

"किती वेळा, ते विचारतेय."

"जॉइस गेल्यावर. तीन हिवाळे. चार असतील. माझं जुनं भांडं फुटलं होतं, आणि ते तिथे नुसतं पडून होतं, त्याच्याकडे बघवत नव्हतं मला..."

"मी तुला विचारलं होतं. तिच्यासमोर. पोर तिच्या कडेवर होती."

"आईच्या भांड्यात शिसं वितळवलं, हे तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? तू मला जन्मभर ऐकवलं असतंस."

"ऐकवलं असतं," एल्व्हा म्हणाली. "तेवढंच झालं असतं."

हेडली बादलीतल्या माशांकडे बघत राहिला. "मी जाळलं होतं ते. लालबुंद होईपर्यंत. दोनदा. मला वाटलं सगळं गळून जाईल. आगीपुढे काय टिकतं?"

"खरंच वाटलं?"

"वाटलं."

एल्व्हाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. हा तिचा भाऊ. आई आजारी होती तेव्हा याला तिनेच न्हाऊ-माखू घातलं, शाळेत पोचवलं, पोरांनी मारलं तर त्यांच्या घरी जाऊन भांडली. तो खोटं बोलला, ते एक वेळ ती गिळू शकली असती. भित्रा होता तो, लहानपणापासून. ताट फोडलं की मांजरावर ढकलायचा. पण तिच्या डोळ्यांपुढे मार्चमधला तो रविवार आला.

"मग तू जेवला का नाहीस?"

"काय?"

"जॅनीन रस्सा घेऊन आली होती. सगळं जळून गेलं असं वाटत होतं तर तू जेवला का नाहीस, हेड?"

त्याने पायाने बादली जरा बाजूला सरकवली.

"तू ताट सरकवलंस. पावाला लोणी लावलंस. आणि तुझ्या शेजारी बसून ती पोर खात होती. आम्ही सगळे खात होतो. तू बघत होतास."

"पोट खरंच..."

"गप्प बस."

"फेब्रुवारीत आकडा वाढला म्हणालीस तेव्हा मी सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. मग वाटलं धूळ असेल. तूच म्हणालीस ना, धूळ. मग तो दिवस गेला. एक दिवस गेला की पुढच्या दिवशी सांगणं आणखी अवघड होतं गं. तुला नाही कळायचं. तुझं कधी काही चुकलंच नाही."

एल्व्हाने हातमोजे घातले. हेडली दोन पावलं पुढे आला, आवाज खाली आणून बोलायला लागला, जणू कुंपणापलीकडे कुणी उभं होतं.

"हे बघ. तू फक्त भांडं परत आण. सांग, तडा गेलाय, धोक्याचं आहे. दुसरं घेऊन दे, मी देतो. पोरीचा आकडा आपोआप उतरेल. जॅनीनला कशाला कळायला हवं? तिला उगाच त्रास. आणि तुझ्याबद्दलही काय वाटेल तिला? भांडं तर तूच निवडलंस."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. ते तोंडून निसटलं की त्याने मुद्दामच म्हटलं, हे एल्व्हाला पुढे किती तरी दिवस ठरवता आलं नाही. ती फाटकातून बाहेर पडली. लाकडाची पाटी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती पिरीला गेली. जाताना हात रिकामे नकोत म्हणून ओटची बिस्किटं नेली, रात्री भाजलेली. झोप लागत नव्हती, काहीतरी करायला हवं होतं. बसमध्ये तिला आठवलं, फोनवर आपण काय काय सांगितलं. टोमॅटो घाल. थोडा वेळ भांड्यातच राहू दे. त्या भांड्यात रांधत राहा. खिडकीबाहेर ओलं, नुकतं पेरलेलं रान सरकत होतं आणि तिला एकेक वाक्य ऐकू येत होतं. आवाज तिचाच होता.

जॅनीन दारात आली ती बाळाला खांद्यावर टाकून. हात लाल, सोललेले. "नॅन! न सांगता? काय झालं?"

"आधी भांडं गॅसवरून उतरव," एल्व्हा म्हणाली.

गॅसवर खरंच काहीतरी शिजत होतं. एल्व्हाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. हेडलीचं "नाही" सांगितलं, वडी सांगितली, रविवारचा लोणी लावलेला पावही सांगितला. हेडली काय सुचवत होता तेही सांगितलं. जॅनीन ऐकत होती. मध्येच तिने जाऊन गॅस बंद केला, भांडं दोन फडक्यांत धरून मागच्या अंगणात नेलं आणि पायरीवर ठेवून आली. बाळाला पाळण्यात ठेवलं. नळाखाली हात धरले. बराच वेळ पाणी चालू होतं.

"सात महिने," ती पाठमोरीच म्हणाली. "सात महिने मी फरशा घासतेय."

"हो."

"पोटात हा होता तेव्हा मीही तेच खात होते."

"हो."

"ती बाई मला म्हणाली, तुम्ही खरंच पुसता का."

जॅनीन वळली. चेहरा कोरडा होता. रडली असती तर एल्व्हाला जवळ जाता आलं असतं.

"नॅन, तुला माहीत होतं?"

"नाही."

"नक्की? आधी, मनात कधी शंका नाही आली? तुला तर भांड्यातलं सगळं कळतं."

"नाही आली. तो माझा भाऊ आहे म्हणून नाही आली."

जॅनीन तिच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिची नजर एल्व्हाच्या हातांवर गेली, मग टेबलावर. टेबलावर एल्व्हाने नकळत बिस्किटांचा डबा उघडून बशीत काही मांडली होती. आली की ती पहिल्यांदा तेच करायची. कर्स्टी झोपेतून उठून, डोळे चोळत, कधी आली कळलं नाही. "नॅना," म्हणाली, बशीपर्यंत टाचा उंचावून हात नेला आणि एक बिस्किट उचललं.

जॅनीनने ते तोंडाशी जायच्या आत तिच्या बोटांतून काढून घेतलं. ओढून नाही, हळूच. "आत्ता नको, राणी. नंतर." कर्स्टीने ओठ काढला. जॅनीनने तिला उचलून घेतलं, तिचे हात पुसले आणि एल्व्हाकडे न बघता म्हणाली, "तू ज्या ज्या भांड्यात काही करून देतेस ना, जॅम, लोणची, ही बिस्किटं, सगळं मी एकदा नर्सला दाखवते. राग मानू नकोस."

"राग कसला," एल्व्हा म्हणाली. "बरोबर आहे तुझं."

कर्स्टी रडायला लागली होती, तिला बिस्किटच हवं होतं. एल्व्हाने बशी ओढून घेतली आणि एकेक बिस्किट परत डब्यात ठेवायला लागली.